पुठ्ठ्याचा पझल-बोर्ड आणि एका मुलीचा चष्मा

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी सकाळी वंदना झाली की लहान मुलांना तासभर बसवून घेतो. चित्राचे तुकडे जोडायचा खेळ, म्हणजे पझल, त्यांच्या फार आवडीचा. एक साडेचार वर्षांची मुलगी मात्र दर वेळी मागं सरायची. तुकडा उचलायची, पार नाकाजवळ नेऊन बघायची, मान एका बाजूला कलती करायची आणि शेवटी ठेवून द्यायची. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, बालवाडीत सांगतात ही डोक्यानं कमी आहे. आता काय करू?"

पोरीचं डोकं नीटच होतं, तिला दिसत नव्हतं. सरकारी दवाखान्यात डोळे तपासले, दोन्ही डोळ्यांना मोठा नंबर निघाला. चष्मा लागल्यावर महिनाभरात तीच मुलगी दुसऱ्यांचे तुकडे हिसकावू लागली, तेव्हा मला हायसं वाटलं.

आपल्या पोरांना 'ढ' म्हणायला लोक नेहमी तयारच असतात. म्हणून कुणी तसं म्हणायच्या आधी आपण घरात डोळे उघडे ठेवायचे. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल किंवा डोळा तिरळा असेल, तर मेंदू त्या डोळ्याचं ऐकणं हळूहळू सोडून देतो. हे सहा-सात वर्षांच्या आत कळलं तर उपचाराला चांगलं यश येतं, नंतर अवघड होत जातं. मूल स्वतः सांगत नाही, कारण जग असंच धूसर असतं असं त्याला वाटतं. खेळताना मात्र ते लपत नाही.

आता बोर्डाचं. बाजारातल्या पझलला खाचा आणि गुंड्या असतात, त्यामुळे तुकडे एकमेकांत अडकून बसतात. घरी ब्लेडनं तशा खाचा कापायला गेलात तर पुठ्ठा फाटतो आणि बोटही कापतं. त्यावर सोपा उपाय म्हणजे काठ असलेला बोर्ड. चारी बाजूंनी काठ असला की सरळ कापलेले तुकडेही आत घट्ट बसतात. दुसरा फायदा जागेचा. दहा बाय दहाच्या खोलीत तिथंच स्वयंपाक, तिथंच अंथरूण. अर्धवट जोडलेलं चित्र जेवायच्या वेळी मोडावं लागलं की मूल चिडतं. बोर्ड असला की तो तसाच्या तसा कॉटखाली सरकवता येतो.

किराणा दुकानातून किंवा टीव्ही-पंख्याच्या खोक्यातून जाड नालीदार पुठ्ठा आणा. दीड फूट बाय एक फूट असे दोन तुकडे कापा. एकाच्या नाल्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या येतील असे ते एकमेकांवर चिकटवा, म्हणजे बोर्ड वाकत नाही. वर पाटा किंवा तांदळाचा डबा ठेवून रात्रभर दाबून ठेवा. सकाळी त्याच पुठ्ठ्याच्या इंचभर रुंद पट्ट्या चारी कडांवर चिकटवा. झाला काठ. आतल्या भागात जुन्या सुती साडीचा तुकडा ताणून चिकटवला तर तुकडे घसरत नाहीत. तसाच आणखी एक पुठ्ठा झाकण म्हणून ठेवून नाडीनं बांधला की काम संपलं.

चिकटवायला पांढरा फेव्हिकॉल पातळ लावा. मैद्याची खळ स्वस्त पडते खरी, पण तिला झुरळं आणि उंदीर लागतात. बाइंडिंगवाले त्यासाठी खळीत मोरचूद घालतात. आपण चुकूनही घालायचं नाही. मोरचूद विषारी आहे आणि पोरं पुठ्ठा चाटतात. घरात पडलेला जुन्या डब्यातला ऑइलपेंटही लावू नका. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे कायद्यानं कडक मर्यादा आली ती २०१७ पासून. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि शिसं मुलांच्या मेंदूवरच घाव घालतं.

चित्र जुन्या कॅलेंडरचं घ्या. ते बोर्डाच्या आतल्या मापापेक्षा चिमूटभर लहान कापा, पातळ पुठ्ठ्यावर चिकटवा, पूर्ण वाळू द्या आणि मग पाठीमागून पट्टीनं रेघा मारून कापा. कापायचं काम मोठ्यांचं. प्रत्येक पझलच्या तुकड्यांच्या पाठीवर एकाच रंगाची खूण करा, नाहीतर दोन चित्रांचा काला होतो.

कोणतं चित्र, यावर आमच्याकडे भांडणच झालं. मी उत्साहानं बाबासाहेबांचा फोटो कापायला घेतला, तर एक आजोबा उठून उभे राहिले. "बाबासाहेबांच्या चेहऱ्याचे तुकडे करणार? ते पोरांच्या पायाखाली येणार?" आधी मला राग आला, मग पटलं. त्यातून नकाशाची कल्पना निघाली. गंमत म्हणजे हा खेळ जन्मला तोच नकाशातून. १७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीनं लाकडावर नकाशे चिकटवून देशांच्या सीमांवर कापले आणि ते भूगोल शिकवायला विकले.

आम्ही महाराष्ट्राचा नकाशा घेऊन सहा महसूल विभागांचे सहा तुकडे केले. कोकणच्या तुकड्यावर महाड, १९२७ चं चवदार तळं. पुण्याच्या तुकड्यावर सातारा, तिथल्या शाळेत बाबासाहेबांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० ला दाखल झालं. नाशिकवर येवला, १९३५. संभाजीनगरवर मिलिंद महाविद्यालय. अमरावतीवर १९२७ चा अंबादेवी मंदिर प्रवेशाचा लढा. नागपूरवर दीक्षाभूमी, १९५६. सहा-सात वर्षांची मुलं हे पझल जोडताना आपापसात वाद घालतात, येवला आधी की महाड आधी. आता आजोबा स्वतः शेजारी बसून चुका काढतात. अर्धांगवायूनंतर त्यांचा उजवा हात अशक्त झालाय, त्याच हातानं ते तुकडे सरकवतात. फिजिओथेरपीची जागा हा खेळ घेत नाही, पण हात चालता राहतो.

लहान मुलांसाठी वय बघून तुकडे करा. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पुठ्ठा देऊच नका, ते चघळून लगदा करतं. त्याला स्टीलचे डबे आणि झाकणं द्या. कोणतं झाकण कोणत्या डब्याला, हेच त्याचं पझल. दोन-तीन वर्षांच्या मुलाला दोन ते चार तुकडे पुरेत, प्रत्येक तुकडा त्याच्या तळहाताहून मोठा. चार वर्षांच्या मुलाला आठ-दहा. प्रत्येक मूल वेगळं असतं, शेजारणीच्या पोराशी तुलना नको. सुरुवातीला चित्र तुम्ही जोडा आणि फक्त शेवटचा तुकडा त्याच्या हातात द्या. तो बसला की टाळी. उद्या शेवटचे दोन.

सव्वा इंचाहून लहान कोणतीही वस्तू तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती नको. घशात काही अडकलं आणि मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर आरडाओरड करून कुणाला तरी १०८ ला फोन लावायला सांगा. मूल वर्षाच्या आतलं असेल तर पालथं हातावर घ्या, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब. वर्षाच्या वरच्या मुलाला पुढं वाकवून पाच थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असे पाच झटके. वस्तू निघेपर्यंत आलटून पालटून. मूल बेशुद्ध झालं तर जमिनीवर निजवून छाती दाबायला सुरुवात करा. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नका, ती आणखी आत जाते.

आणि खेळताना बघा. तुकडा डोळ्याला चिकटवून बघतं का? एकच हात वापरतं आणि दुसरा मुठीत आवळून धरतं का? मागून नाव घेतलं तर वळत नाही का? काल येत होतं ते आज विसरतंय का? यातलं काही दिसलं म्हणजे आजार आहेच असं नाही, पण दाखवायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची तपासणी मोफत आहे, पुढचे उपचारही. पथक कधी येणार हे अंगणवाडी ताईंना विचारा आणि त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. आमच्याकडे त्या दिवशी निम्मी मुलं मामाच्या गावाला असतात.

पावसाळ्यात बोर्ड जमिनीवर न ठेवता भिंतीला टेकून उभा ठेवा, आणि कडांना आधीच रुंद चिकटपट्टी मारून घ्या.