शाळेला किती परिचारिका लागतात?

पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपचार-कक्ष आणि तो सांभाळायला वैद्यकीय व परिचारिका कर्मचारी हवेत, ही अट 1948 च्या कारखाने कायद्याने घातली. अंबरनाथ एमआयडीसीतले मोठे कारखाने त्याच अटीखाली वाढले. पण तिथल्या कामगारांची मुले ज्या शाळांत जातात, तिथे पट हजारावर गेला तरी अशी सक्ती नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षक, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, मैदान आहे, परिचारिका नाही.

मग मुलांना तपासते कोण? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे फिरते पथक. फेब्रुवारी 2013 मध्ये, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमधूनच या कार्यक्रमाची देशभर सुरुवात झाली. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक एएनएम किंवा स्टाफ नर्स आणि एक फार्मासिस्ट असतो. अंगणवाडीत ते वर्षातून दोनदा येते, शासकीय व अनुदानित शाळांत एकदा. विनाअनुदानित खासगी शाळा या फेरीत येत नाहीत.

पथक उंची, वजन, डोळे, दात, कान तपासते आणि जन्मजात व्यंग, पोषणाची कमतरता, आजार व विकासातला विलंब या चार गटांतल्या खुणा शोधते. पुढच्या उपचारांची गरज दिसली की मुलाला चिठ्ठी देऊन मोठ्या रुग्णालयात पाठवले जाते.

आता भार मोजू. 1200 पटाच्या शाळेत दिवसाला शंभर मुले तपासली, तर बारा दिवसांत काम संपते आणि पथक पुढच्या शाळेकडे निघते. उरलेल्या वर्षात फिट आली, दमा उसळला किंवा मधुमेही मुलाची साखर उतरली, तर धावतात ते वर्गशिक्षकच. 2020 मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना प्रशिक्षण देण्याची योजना आहे, पण त्यांचे काम मुख्यतः आरोग्यशिक्षणाचे.

अमेरिकेत 750 निरोगी मुलांमागे एक परिचारिका हे प्रमाण बरीच वर्षे वापरात होते. रोज शुश्रूषा लागणाऱ्या मुलांसाठी ते 225 ला एक, गुंतागुंतीच्या आजारांत 125 ला एक. समजा, आपल्या 1200 मुलांत दीडशेंना रोज लक्ष लागते. उरलेल्या 1050 मुलांना 1.4 आणि या दीडशेंना सुमारे 0.7, म्हणजे दोनाहून थोड्या जास्त परिचारिका हव्यात. नुसत्या पटावर हिशेब केला असता, तर 1.6 वरच थांबलो असतो. म्हणून 2016 मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आकड्यांऐवजी प्रत्येक शाळेत किमान एक पूर्णवेळ परिचारिका असावी, अशी शिफारस केली.

शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत पालकांचे बहुमत असते. पुढच्या बैठकीत तीन गोष्टी विचारा: पथक शेवटचे कधी आले, चिठ्ठी मिळालेल्या मुलांपैकी किती रुग्णालयात पोहोचली, आणि रोज औषध लागणाऱ्या मुलांची यादी कोणाकडे आहे. परिचारिकेची मागणी करायची, तर ही यादी आधी हाताशी हवी.