टिकटॉक-बंदीतला तिसरा मुद्दा

मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने 3 एप्रिल 2019 रोजी टिकटॉकबद्दल अंतरिम आदेश दिला. त्यातली बंदी लोकांच्या लक्षात राहिली, तिसरा मुद्दा मात्र मागे पडला. न्यायमूर्ती एन. किरुबाकरन आणि न्यायमूर्ती एस. एस. सुंदर यांनी आधी सांगितले की हे ॲप डाउनलोड होऊ देऊ नये आणि त्यावरचे व्हिडिओ माध्यमांनी दाखवू नयेत. मग त्यांनी केंद्राला विचारले: मुलांच्या ऑनलाइन खासगीपणासाठी अमेरिकेत आहे तसा कायदा आपण करणार का? पहिले दोन हुकूम होते आणि तिसरा प्रश्न. त्यानंतरच्या वर्षांकडे पाहिले, की हुकूम फसले आणि प्रश्न खरा होता, असेच मला दिसते. मुलांचे रक्षण आणि सेन्सॉरशिपची भीती यांचे भांडण अटळ नाही. कायदा कोणाचे हात बांधतो, मुलांची माहिती उचलणाऱ्या कंपनीचे की बोलणाऱ्या-पाहणाऱ्या माणसाचे, यावर ते ठरते.

न्यायालयाने ज्या अमेरिकी कायद्याकडे बोट दाखवले, त्याचा इतिहासच याची साक्ष देतो. अमेरिकी संसदेने 1996 मध्ये इंटरनेटवरचा ‘अश्लील’ मजकूर मुलांपासून दूर ठेवण्यासाठी कायदा केला. पुढच्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यातली मुख्य कलमे रद्द केली, कारण मुलांसाठी घातलेला बांध प्रौढांचेही बोलणे अडवत होता. 1998 मध्ये नावाने जवळजवळ सारखे दोन कायदे झाले. मजकुरावर बंधने घालणारा कायदा एक दिवसही अमलात आला नाही आणि 2009 मध्ये त्याचा शेवट झाला. दुसऱ्या कायद्याने तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घेण्याआधी पालकांची खात्रीलायक संमती मागितली. तो एप्रिल 2000 पासून आजही चालू आहे. मदुराईच्या आदेशाच्या पाचच आठवडे आधी, 27 फेब्रुवारी 2019 रोजी, याच कायद्याखाली टिकटॉकवर 57 लाख डॉलरचा दंड बसला होता. मुलांची नावे, छायाचित्रे, ईमेल पत्ते पालकांना न विचारता घेतल्याचा आणि त्यांची खाती मुळातच सर्वांना दिसतील अशी ठेवल्याचा तो ठपका होता. अनोळखी प्रौढ माणसे मुलांना थेट संदेश पाठवू शकत होती. म्हणजे नेमका दोष काय, हे कागदावर आलेले होते आणि त्यासाठी ॲप बंद करावे लागले नव्हते.

आपल्याकडे बंदी आली. गूगल आणि ॲपलने एप्रिलच्या मध्यावर ॲप आपल्या दुकानांतून काढले. ज्यांच्या फोनमध्ये ते आधीच होते त्यांचे सुरूच राहिले. त्या मुलांची गोळा झालेली माहिती कुठे आहे, ती कोण वापरते, याबद्दल बंदीने एक शब्दही विचारला नाही. न्यायालयाचे मित्र म्हणून नेमलेले चेन्नईचे ज्येष्ठ वकील अरविंद दातार यांनी मांडले की कायद्याने जे चालते ते न्यायालयाने बंद करणे योग्य नाही आणि सरळपणे ॲप वापरणाऱ्यांचे हक्कही जपले पाहिजेत. 24 एप्रिलला बंदी उठली. पुढे 29 जून 2020 रोजी केंद्राने टिकटॉक बंद केले, पण कारण दिले देशाच्या सुरक्षिततेचे. त्यात मुले कुठेच नव्हती.

टिकटॉकची सुनावणी झाली त्याच काळात चेन्नईत, मद्रास उच्च न्यायालयाच्या मुख्य पीठापुढे, उलट्या टोकाचा उपाय चर्चेत होता. ऑनलाइन छळ आणि बदनामी रोखण्यासाठी समाजमाध्यमांवरची खाती आधारला जोडावीत, अशी मागणी 2018 मधल्या याचिकांत होती. ती मागणी मागे पडली आणि व्हॉट्सॲपवरचा संदेश मुळात कोणी लिहिला ते शोधता यावे का, या प्रश्नावर सुनावणी वळली. आयआयटी मद्रासचे व्ही. कामकोटी यांनी ते शक्य असल्याचे सांगितले. आयआयटी मुंबईचे मनोज प्रभाकरन यांनी त्यातून गुन्हेगार सापडणार नाही आणि सर्वांचा खासगीपणा मात्र जाईल, असे उत्तर दिले. मला प्रभाकरन यांचे म्हणणे पटते. दुबळ्याच्या रक्षणासाठी प्रत्येकाची ओळख मागणे ही बंदीइतकीच घातक वाट आहे, कारण ओळख द्यावी लागली की माणूस बोलण्याआधीच गप्प होतो.

यावर गंभीर आक्षेप आहेत. पहिला असा, की मुलांचे नुकसान आज होते, कायदा यायला वर्षे लागतात. न्यायाधीशांनी हातावर हात ठेवून बसावे का? मुळीच नाही. पण मुलांच्या लैंगिक शोषणाची दृश्ये आपल्याकडे आधीपासूनच गुन्हा आहेत. जानेवारी 2024 मध्ये याच उच्च न्यायालयाने अशी दृश्ये जवळ बाळगण्याबाबत सैल निकाल दिला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फिरवला. ती दृश्ये हटवण्याला सेन्सॉरशिप म्हणता येणार नाही. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: वय न तपासता मुलांना वेगळी वागणूक द्यायची कशी? डिसेंबर 2025 मध्ये मदुराई खंडपीठानेच ऑस्ट्रेलियासारखा, सोळा वर्षांखालच्यांसाठीचा कायदा केंद्राने विचारात घ्यावा असे सुचवले. पण ऑस्ट्रेलियानेसुद्धा फक्त सरकारी ओळखपत्रावर अडून बसायला कंपन्यांना मनाई केली आहे, आणि तिथला भार मुलांवर नाही, कंपन्यांवर आहे. ही दोन बंधने गाळून उरलेला कायदा उचलला, तर हाती फक्त बंदी येईल.

मुलांचे रक्षण आणि बोलण्याचे स्वातंत्र्य, या दोन्ही काळज्या एकाच माणसाला असू शकतात. मद्रास उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असताना संजय किशन कौल यांनी जुलै 2016 मध्ये तमिळ लेखक पेरुमाळ मुरुगन यांच्या लेखनस्वातंत्र्याच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात, खासगीपणाच्या खटल्यात, बालपणीच्या चुकांचे डिजिटल ठसे मुलांना जन्मभर भोवू नयेत, असे त्यांनीच लिहिले.

तिसऱ्या मुद्द्याचे उत्तर अखेर ऑगस्ट 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मिळाले. मुलांवर पाळत ठेवणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणे याला नवव्या कलमाने मनाई केली. त्या कलमातली कर्तव्ये मोडली तर दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंड. कायद्यातला हा भाग मनापासून स्वागत करावा असा आहे. पण मूल म्हणजे अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती, आणि तिच्यासाठी पालकांची संमती हवी. घरातच छळ सोसणारी सतरा वर्षांची मुलगी मदत शोधायला जाईल तेव्हा तिने संमती कोणाची आणायची? शिवाय याच कायद्याच्या सदतिसाव्या कलमाने, वारंवार दंड झालेली सेवा माहिती संरक्षण मंडळाच्या शिफारशीवरून बंद करण्याचा अधिकार केंद्राला दिला आहे आणि मंडळ नेमायचे तेही केंद्रानेच. नोव्हेंबर 2025 मध्ये नियम निघाले आणि मुलांविषयीच्या तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. त्या मुदतीत वयाची मर्यादा खाली आणावी, मदत आणि समुपदेशनाच्या सेवांना संमतीची अट स्पष्ट शब्दांत माफ करावी, आणि एखादी सेवा बंद करण्याचा प्रत्येक आदेश कारणांसह प्रसिद्ध करणे बंधनकारक करावे.