लहान मोटारीचे टायर : ऋतू, रस्ता आणि निवड

घरात मोटार यावयाची असली म्हणजे कुटुंबात पंधरा-पंधरा दिवस चर्चा चालते. रंग कोणता घ्यावा, आसने कशी असावीत, एका लिटरात ती किती किलोमीटर जाईल, या सर्व गोष्टींचा खल होतो. परंतु ज्या चार टायरांवर ती धावावयाची, त्यांच्याविषयी क्वचितच कोणी विचारपूस करतो. वास्तविक धावत्या मोटारीचा जमिनीशी जो काही संबंध असतो तो टायरांच्या द्वारेच. आणि तोही किती अल्प! लहान मोटारीच्या एका टायरचा रस्त्याला टेकणारा भाग साधारणतः एका तळहाताएवढा असतो. अशा चार तळहातांवर आईवडील, मुले आणि सामानसुमान यांचा सारा भार असतो. ब्रेक चाकांना थांबवितो. पण गाडीला थांबविते ती टायरांची रस्त्यावरील पकड होय.

आपल्या बोरगावात औद्योगिक वसाहत आहे. सौसर आणि पांढुर्णा हा संत्र्यांचा मुलूख आहे. नोकरी, बागाईत आणि व्यापार यांच्या निमित्ताने पुष्कळ कुटुंबांत आता लहान मोटार आली आहे. जामसावळीच्या मारुतीचे दर्शन, नागपूरचे इस्पितळ, लग्नसराईतील वऱ्हाड, या साऱ्यांसाठी तीच जुंपली जाते. म्हणून टायर कसा निवडावा आणि कसा सांभाळावा, हा प्रश्न घराघराच्या जिव्हाळ्याचा झाला आहे. त्याचा विचार या लेखात करावा, असे आम्ही योजिले आहे.

ऋतूचा चाकावर परिणाम होतो, ही गोष्ट आपल्या शेतकऱ्यास नवी नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी असते, तिला ‘धाव’ म्हणतात. लोहार ती धाव विस्तवात लाल करून चाकावर चढवितो आणि लागलीच तिच्यावर पाणी ओततो. तापून प्रसरण पावलेले लोखंड थंड होताच आकुंचन पावते आणि चाक घट्ट आवळले जाते. उलट, उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसले म्हणजे तीच धाव सैल पडते; मग चाक पाण्यात भिजवून ठेवावे लागते. लाकूड आणि लोखंड यांच्या बाबतीत जे खरे, ते रबराच्या बाबतीत अधिकच खरे आहे.

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत कडक पडते. अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली असे दाखविले की, रबर गंधकाबरोबर तापविले असता ते चिवट आणि टिकाऊ बनते. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉम्सन याने १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. पण ती कल्पना पुढे मागे पडली. नंतर बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर बनविला आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. तेव्हापासून हवेच्या टायरने जग जिंकले. तथापि गंधकाने रबराचा दोष कमी झाला तरी त्याचा मूळ स्वभाव गेला नाही. आजही टायरचे रबर कडाक्याच्या थंडीत कडक होते आणि उष्णतेत मऊ पडते. टायरच्या निवडीचे सारे शास्त्र या एका गोष्टीभोवती फिरते.

ज्या देशांत हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ साचते, तेथे या स्वभावामुळे मोठी अडचण उत्पन्न होते. तापमान सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की साध्या टायरचे रबर कडक होऊ लागते आणि त्याची पकड कमी होते. म्हणून तेथे ‘हिवाळी टायर’ वापरतात. अशा टायरचे रबर थंडीतही मऊ राहील अशा मिश्रणाचे असते. त्याच्या पृष्ठभागावर असंख्य बारीक चिरा असतात. त्यांच्या कडा बर्फात रुतून पकड देतात. असा पहिला टायर फिनलंडमधील एका रबर कारखान्याने १९३४ साली मालमोटारींसाठी तयार केला. बर्फातील कसोटीस उतरलेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असे चिन्ह छापलेले असते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात मोटारीला हिवाळी टायर असणे कायद्याने बंधनकारक आहे. जर्मनीत रस्त्यावर बर्फ असेल तेव्हा असे टायर लावावेच लागतात. त्या देशांत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांना दिवाळी आटोपली की फराळाचे डबे रिकामे होण्याच्या सुमारास मोटारीचे टायर बदलून घ्यावे लागतात. तेथे पुष्कळ कुटुंबे टायरांचे दोन संच बाळगतात, एक उन्हाळी व दुसरा हिवाळी.

मग आपल्याकडे हिवाळी टायर हवेत काय? याचे उत्तर हवामानाच्या आकड्यांनीच द्यावे. नागपूर येथे २९ डिसेंबर २०१८ रोजी पहाटे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. परंतु असे दिवस आपल्याकडे विरळा, आणि सूर्य वर आला की तो गारठा टिकत नाही. त्याच नागपुरात २३ मे २०१३ रोजी तापमान ४७.९ अंशांवर गेले होते. अशा उन्हात हिवाळी टायरचे मऊ रबर भराभर झिजेल आणि गाडी थांबण्यास अंतरही अधिक लागेल. म्हणजे जी वस्तू क्वेबेकमध्ये प्राणरक्षक, तीच बोरगावात घातक ठरावयाची! मनालीसारख्या ठिकाणी बर्फ पाहावयास जाणाऱ्यांनीही त्यासाठी टायर बदलण्याचे कारण नाही. बर्फाच्या रस्त्यावर तेथील माहीतगार चालकाचे, चाकांना साखळ्या लावलेले वाहन भाड्याने घ्यावे, हेच शहाणपणाचे.

आपल्या टायरांची परीक्षा हिवाळ्यात होत नाही. ती दोनदा होते : एकदा वैशाखात आणि एकदा आषाढात.

प्रथम वैशाखाचा विचार करू. एखादी लोखंडी तार तुम्ही हातात धरून पुनःपुन्हा वाकविली, तर वाकणारी जागा गरम लागते. टायरचेही तसेच आहे. गाडीच्या भाराने टायरचा खालचा भाग दबतो आणि वर गेला की पूर्ववत होतो. लहान मोटारीचे चाक एका किलोमीटरात सुमारे ५०० फेरे घेते. म्हणजे एका किलोमीटरात प्रत्येक जागा ५०० वेळा वाकते. टायरमध्ये हवा कमी असेल तर ती अधिक वाकते आणि अधिक तापते. त्यात वरून मे महिन्याचे ऊन, खाली हवेपेक्षाही अधिक तापलेला रस्ता, गाडीत प्रमाणाबाहेर माणसे व सामान आणि ताशी १०० किलोमीटरचा वेग! या सर्वांची उष्णता एकत्र झाली की टायरच्या आतील थर सुटू लागतात आणि शेवटी तो फुटतो.

याचे ताजे उदाहरण नागपूरहून मुंबईस जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचे आहे. ७०१ किलोमीटर लांबीच्या या मार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. सिमेंट-काँक्रीटचा, सरळ आणि विनाअडथळा असा हा रस्ता आहे. पहिल्याच उन्हाळ्यात त्यावर झालेल्या अपघातांच्या कारणांत अतिवेग आणि चालकाची डुलकी यांच्याबरोबर टायर फुटणे हेही एक कारण पुढे आले. तेव्हा, २०२३ मध्ये, परिवहन खात्याने वाहनांच्या टायरांची तपासणी सुरू केली आणि झिजलेले टायर असलेली वाहने माघारी पाठविली. लोक काँक्रीटला दोष देतात. परंतु गावातील खड्ड्यांच्या रस्त्यावर जो जुना टायर कसाबसा निभावतो, तोच अखंड वेगाच्या रस्त्यावर उघडा पडतो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवावी म्हणजे टायर फुटत नाही, असा एक समज पसरलेला आहे. तो अगदी उलटा आहे. कमी हवेनेच टायर अधिक तापतो. हवा किती भरावी याचा आकडा चालकाच्या दाराजवळील पट्टीवर लिहिलेला असतो. गाडी पूर्ण भरलेली असल्यास आकडा वेगळा असतो, तोही तेथेच सापडतो. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. १० अंशांनी तापमान वाढले की टायरमधील दाब सुमारे दीड पौंडाने वाढतो. हे निर्मात्याने गृहीत धरलेलेच असते. म्हणून प्रवासात तापलेल्या टायरमधील हवा सोडू नये. नायट्रोजन भरावा की साधी हवा, असेही पुष्कळ जण विचारतात. साध्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजन काहीसा सावकाश निसटतो एवढाच त्याचा फायदा. नियमित मोजमापाची जागा तो घेऊ शकत नाही.

आता आषाढ. टायरच्या पृष्ठभागावरील खाचा शोभेसाठी नसतात. पावसाचे पाणी चाकाखालून बाहेर काढून देणे हे त्यांचे काम. खाचा झिजल्या की पाण्याला वाट उरत नाही. वेगात ते चाकाखाली पाचरीसारखे शिरते आणि चाक रस्त्यावर न चालता पाण्यावर तरंगू लागते. त्या क्षणी सुकाणू फिरवूनही गाडी वळत नाही आणि ब्रेक दाबूनही थांबत नाही. आपल्याकडे त्यात काळ्या मातीची भर पडते. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर ती डांबरी रस्त्यावर येते आणि पहिल्या सरीबरोबर तिचे निसरडे लेपण होते. छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानीच्या घाटातील वळणांवर अशा वेळी टायरची खाच हाच काय तो आधार असतो. आम्ही मूळचे कोकणी मुलखाचे; तिकडे पावसाळ्याची बेगमी मृगाच्या आधी उरकतात. टायरांच्या बाबतीत हाच रिवाज येथेही चालू करण्याजोगा आहे.

नव्या टायरची खाच सुमारे ८ मिलिमीटर खोल असते. मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरहून कमी नसावी, असा आपल्या देशाचा नियम आहे. ही मर्यादा ओळखण्यासाठी खाचेच्या तळाशी ठिकठिकाणी रबराचे लहान उंचवटे ठेवलेले असतात. पृष्ठभाग झिजून त्यांच्या बरोबरीला आला की टायर बाद समजावा. परंतु पावसात इतके थांबणे बरे नव्हे. खाच ३ मिलिमीटरवर आली की नवे टायर घ्यावेत, असे अनेक जाणकार सांगतात.

नवा टायर घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात. पहिली, माप. समजा, टायरच्या बाजूवर ‘१६५/८० आर १४ ८५ टी’ असे लिहिले आहे. १६५ ही मिलिमीटरमधील रुंदी; बाजूची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के; ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी; १४ हा चाकाच्या लोखंडी कड्याचा इंचांतील व्यास. ८५ हा भाराचा सांकेतिक आकडा असून त्याचा अर्थ एका टायरने ५१५ किलोग्रॅम भार सोसावा असा होतो. आणि ‘टी’ म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग. गाडीच्या निर्मात्याने दिलेले माप बदलू नये. ऐटीसाठी रुंद टायर घालणारे पुष्कळ असतात. परंतु रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो आणि इंधनही अधिक खातो.

दुसरी गोष्ट, टायरचे वय. बाजूवरील एका लंबगोलात चार आकडे असतात. ‘२३२४’ असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. दुकानात पडून राहिलेला टायर नवा दिसला तरी नवा नसतो. आठवडाभर उन्हात उभी राहून रविवारी देवदर्शनास निघणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, पण म्हातारे होतात. त्यांच्या बाजूंवर भेगा दिसू लागतात. पाच वर्षांनंतर दर वर्षी टायर जाणकारास दाखवावेत. आणि दहा वर्षांनंतर, खाच कितीही खोल असली तरी, ते वापरू नयेत. याच कारणाने वापरलेले जुने टायर स्वस्तात मिळाले तरी घेऊ नयेत.

तिसरी गोष्ट, आय.एस.आय. शिक्का टायरवर आहे की नाही ते पाहावे. चौथी, ऐपतीनुसार दोनच टायर घ्यावयाचे असल्यास ते एकाच जातीचे घ्यावेत आणि मागील चाकांना लावावेत. इंजिन पुढच्या चाकांना फिरवीत असले तरीही हाच नियम आहे. कारण ओल्या रस्त्यावर मागील चाके घसरली तर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणे अवघड जाते. पाचवी, स्टेपनीकडे दुर्लक्ष करू नये. हा शब्द वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. तेथील कारखानदारांनी १९०४ च्या सुमारास जादा चाक बनविण्यास आरंभ केला होता. आज मराठीत काय आणि आमच्या कोकणीत काय, तो शब्द घरचाच झाला आहे. परंतु शब्द तोंडी असून स्टेपनीत हवाच नसेल तर रात्री घाटात त्याचा काय उपयोग?

विद्यार्थीमित्रहो, प्रसरण, घर्षण आणि दाब हे धडे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचताच. ते तिन्ही धडे तुमच्या अंगणात उभ्या असलेल्या मोटारीच्या चाकावर लिहिलेले आहेत. घरातील वडीलधाऱ्यांस कामाच्या रगाड्यात सवड होत नाही. तेव्हा महिन्यातून एकदा, आणि लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी, हवा तपासली की नाही हे त्यांना विचारण्याचे, टायरवरील चार आकडे वाचण्याचे, आणि खाचेत रुतलेला खिळा वा खडा शोधण्याचे काम तुम्ही अंगावर घ्या. याला पैसा पडत नाही, पाच मिनिटे लागतात. या पाच मिनिटांमुळे एखाद्या घरची माणसे लग्नाहून सुखरूप परत आली, तर शाळेत शिकलेल्या विद्येचे याहून मोठे सार्थक ते कोणते?