कुंपणाबाहेरचा तळ (लेखांक ५)

धाराशिव जिल्ह्यात रॉकेट सोडण्याचा तळ नाही आणि समुद्रापासून इतक्या लांब तो होणारही नाही. तरीही एका उड्डाणतळाच्या जाहीर सूचनेत लातूर, बीड, सोलापूरच्या रांगेत उस्मानाबादचं, म्हणजे धाराशिवचंच, नाव येत आलं आहे. तो तळ हैदराबादचा. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९६९ पासून तिथून संशोधनाचे महाकाय फुगे सोडते. पातळ पॉलिथिनचा, हायड्रोजन भरलेला, पन्नास ते पंच्याऐंशी मीटर व्यासाचा फुगा उपकरणांची पेटी घेऊन तीस ते बेचाळीस किलोमीटर उंच जातो. जयंत नारळीकरांच्या गटाने आणि इस्रोने २००५ साली ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने आणले, ते अशाच फुग्यातून. त्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. काम संपलं की पेटी रंगीत पॅराशूटने खाली येते. वाऱ्याच्या दिशेनुसार ती तळापासून दोनशे ते साडेतीनशे किलोमीटरवर उतरू शकते. उमरगा हैदराबादपासून सरळ रेषेत दोनशेच्या आसपास, तुळजापूर अडीचशेच्या पुढे. म्हणजे जिल्ह्याचा बराच भाग या पट्ट्यात बसतो.

तळ केवढा, असं विचारलं की आपण कुंपणाच्या आतली जमीन मोजतो. माझ्या मते हे मोजमापच अपुरं आहे. जिथवर त्याच्या वस्तू पडू शकतात, तिथवर तळ असतो. श्रीहरिकोटा निवडलं गेलं ते पूर्वेला मोकळा समुद्र आहे म्हणून. गळालेले टप्पे बंगालच्या उपसागरात जावेत, हा हिशोब जागा ठरवतानाच झाला. एवढंच नव्हे, ध्रुवीय कक्षेकडे जाणारं पीएसएलव्ही श्रीलंकेवरून जाऊ नये म्हणून वाट वाकडी करतं, त्यात इंधन खर्ची पडतं. तमिळनाडूत कुलशेखरपट्टिणमचा नवा तळ उभा राहतोय, त्यामागे हेच कारण आहे. समुद्राची ही सोय नसलेल्या तळांचं काय होतं? कझाकस्तानातल्या बायकोनूरहून उडालेल्या रॉकेटांचे टप्पे गवताळ माळावर पडत आले, आणि प्रोटॉन रॉकेटचं हेप्टिल नावाचं विषारी इंधन मातीत उतरलं. चीनमधला शिचांगचा तळ डोंगराळ मुलखात आहे. तिथले टप्पे खेड्यांच्या आसपास कोसळल्याचं वारंवार दिसलं आहे. त्याच शिचांगचा पल्ला महाराष्ट्रापर्यंत पोचला. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं आभाळातून पडलं. २०२१ च्या फेब्रुवारीत शिचांगहून उडालेल्या रॉकेटचा तो तुकडा असावा, असं जाणकारांनी कक्षेच्या हिशोबावरून सांगितलं.

आता कोणी म्हणेल, कुठे शिचांग आणि कुठे पॅराशूटने अलगद येणारी पेटी! विष नाही, आग नाही, मग उगाच घाबरवता कशाला? आक्षेप रास्त आहे. धोका खरोखरच नगण्य आहे आणि या प्रयोगांच्या विरोधात माझं काहीच म्हणणं नाही. पण धोका नगण्य आहे तो आपोआप नव्हे. उड्डाणाची वेळ आणि वारा पाहिला जातो, पेटी केव्हा सोडायची ते जमिनीवरून ठरतं. खाली माणसं आहेत हे धरून चाललं, तरच हे घडतं. दुसरा आक्षेप असा की तळांमुळे निसर्ग वाचतो. फ्लोरिडात केनेडी केंद्राभोवती अभयारण्य आहे, श्रीहरिकोट्याशेजारी पुलिकत सरोवरावर रोहित पक्षी उतरतात. तेही खरं. मात्र श्रीहरिकोटा बेटावर राहणाऱ्या यानादी आदिवासींना जागा सोडावी लागली, आणि ब्राझीलमध्ये अल्कांतारा तळासाठी १९८० च्या दशकात तीनशेहून अधिक कुटुंबं किनाऱ्यावरून आत हलवली गेली. पाखरांचं भलं झालं म्हणून माणसांचा हिशोब मिटत नाही.

तो हिशोब धाराशिवात लहान आहे, इतकाच फरक. सूचना सांगते की पेटी दिसली तर हात लावू नका, काही पेट्यांत उच्च दाबाची वीज असते. पोलीस ठाण्यात किंवा टपाल कार्यालयात कळवा, बक्षीस मिळेल. चांगलं आहे, शिचांगच्या मानाने तर फारच. पण सगळा रोख पेटीवर. उड्डाणं साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळातली. म्हणजे शिवारात शाळू, हरभरा उभा असताना किंवा काढणी-मळणीच्या धांदलीत. फुग्याचं भलंमोठं प्लास्टिक आणि पेटी पिकात पडली, ती न्यायला गाडी आणि माणसं रानात शिरली, तर तुडवलेल्या पिकाचं काय? अवकाशातल्या वस्तूंमुळे होणाऱ्या नुकसानीचा १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार इथे कामाचा नाही. तो अवकाशात सोडलेल्या वस्तूंपुरता आहे, आणि आपल्याच देशाच्या वस्तूने आपल्या नागरिकाचं नुकसान झालं तर लागू होत नाही. मग उरतो तलाठ्याचा पंचनामा, तो गारपिटीचा होतो तसाच. सूचनेत बक्षिसाच्या ओळीखाली भरपाईचीही एक ओळ घालावी, अर्ज तहसीलमध्ये कोणाकडे द्यायचा ते लिहावं, आणि हंगामाआधी ती ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावी. ज्या संस्थेला बेचाळीस किलोमीटरवरचा फुगा सांभाळता येतो, तिला एवढं जड जाऊ नये.