डुकरांच्या तापावर पैसा कशाला?

"डुकरांच्या रोगावर सरकारनं कोट्यवधी कशाला घालवायचे? ताप आला की मारून पुरायची!" शिकल्यासवरलेल्यांच्या तोंडूनही हे वारंवार ऐकतो, आणि दर वेळी संताप येतो.

मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव कोशाच्या, म्हणजे तसर रेशमाच्या कापडासाठी ओळखलं जातं. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या कोशाच्या अळीलाही विषाणूचा रोग होतो. त्यावर रांचीची केंद्रीय तसर संशोधन संस्था सरकारी पैशातूनच काम करते. त्याला कोणी उधळपट्टी म्हणत नाही. मग डुकरं पाळणाऱ्या गरिबानंच काय घोडं मारलंय?

आता हिशेब बघा. क्लासिकल स्वाइन फिव्हरमुळे देशाचं वर्षाला सुमारे ४३० कोटींचं नुकसान होतं, असा आकडा केंद्र सरकारनंच फेब्रुवारी २०२० मध्ये दिला. १९६४ पासूनची लस कशी बनायची? सशाला विषाणू टोचायचा, मग ससा मारून त्याची प्लीहा काढायची. एका प्लीहेतून डोस निघायचे ५०. गरज वर्षाला २.२ कोटी डोसांची, तयार व्हायचे १२ लाख. सगळी गरज भागवायची तर दरसाल ४ लाख ४० हजार ससे मारावे लागले असते. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेनं देशी विषाणू घेऊन प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये नवी लस तयार केली. जुना डोस १५-२० रुपयांचा, कोरियाहून आणलेला ३० चा, हा दोन रुपयांच्याही आत. जुन्या लशीचं संरक्षण तीन ते सहा महिने, हिचं दोन वर्षं. ज्याला उधळपट्टी म्हणता, त्या पैशातून हे झालं.

आणि मारायची तरी कोणती? २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फिव्हर आला. तोच ताप, तसेच जांभळे पडलेले कान, तसंच पटापट मरणं. पण विषाणू अगदी वेगळा, त्यामुळे पहिल्याची लस इथे कुचकामी. नेमकं निदान भोपाळच्या प्रयोगशाळेत झालं. आणि मारायचीच ठरवली, तरी भरपाईला पैसा लागतोच; तिची खात्री नसेल तर माणूस आजारी जनावर गुपचूप विकतो, आणि रोग पुढच्या गावात पोचतो.

कंपन्या करतील की? दोन रुपयांच्या डोसात त्यांना सुटणार काय!

आफ्रिकन तापाची पहिली नोंद केनियातली, १९२१ ची. तरी दोन लशींना व्यापारी परवानगी मिळायला २०२३ उजाडलं, तीही व्हिएतनाममध्ये. इथल्या डुकरांवर त्या तपासायच्या तरी खर्च येणारच.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. हे दोन्ही ताप माणसाला होत नाहीत. २००९ चा स्वाइन फ्लू निराळा, तो माणसाकडून माणसाला पसरला. अँटिबायोटिकनं विषाणू मरत नाही. रानडुकरंही यातून सुटत नाहीत. हॉटेलचं उष्टं नुसतं कोमट करून भागत नाही. ७० अंशांवर अर्धा तास शिजवून, ढवळून, मगच डुकरांपुढे टाकावं.