हेडफोन काढला, तरी फोन म्हणतो लावलेलाच आहे

इअरफोन केव्हाच काढून ठेवलेला असतो, पण स्क्रीनच्या वरच्या पट्टीतलं हेडफोनचं चिन्ह काही जात नाही. व्हिडिओ चालतो, आवाज येत नाही. कॉल घेतला तर पलीकडचं ऐकू येत नाही, नाहीतर आपलं बोलणं पलीकडे पोहोचत नाही. अशा वेळी पहिला निकाल ठरलेला: स्पीकर गेला. तो बरोबर आहे की नाही हे पाहायला कुठलंही अवजार लागत नाही. दुसऱ्या फोनवरून या फोनला रिंग द्या. बहुतेक फोनांत रिंगटोन आणि गजर यांचा आवाज हेडफोन लावलेला असला तरी स्पीकरमधूनही सोडतात, नाहीतर इअरफोन लावून बाजूला ठेवलेल्या फोनवर कॉल आल्याचं कळणारच नाही. तेव्हा रिंग खणखणीत वाजत असेल आणि गाणं मात्र ऐकू येत नसेल, तर स्पीकर धडधाकट आहे. आवाजच दुसरीकडे पाठवला जातोय. आणखी खात्री हवी असेल तर कॉल चालू असताना स्क्रीनवरचं स्पीकरचं बटण दाबा. तिथे फोनला आवाज स्पीकरवर टाकण्याचा थेट हुकूम मिळतो आणि बहुतेक वेळा तो स्वच्छ ऐकू येतो. एवढ्या दोन गोष्टी न पाहता स्पीकर बदलून घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

मग बिघडलंय काय? हेडफोन लावला आहे की नाही हे फोनला कसं कळतं, यात त्याचं उत्तर आहे. ३.५ मिलिमीटरच्या गोल जॅकमध्ये आवाजाच्या संपर्कांखेरीज एक जादा पातळ धातूची पत्ती असते. काही जॅकमध्ये पिन आत गेली की ही पत्ती बाजूला ढकलली जाते आणि एक जोडणी तुटते. काहींत पिन स्वतःच पत्तीला टेकून जोडणी पुरी करते. फोन त्या तारेवर सतत एक बारीकसा विद्युतदाब ठेवतो आणि तो चढा आहे की उतरला एवढंच पाहतो. हो किंवा नाही, तिसरं उत्तर नाही. ही पत्ती वाकून राहिली, तिची ताकद गेली, खिशातली भुस्कटं आत ठासून बसली आणि तिला दाबून धरू लागली, किंवा दोन संपर्कांमध्ये ओलाव्याचा पूल तयार झाला, तर फोनपर्यंत ‘पिन आत आहे’ असाच निरोप जातो. फोनच्या बाजूने पाहिलं तर तो चोख वागतोय. साक्षीदार खोटा आहे. एफएम रेडिओ असलेल्या फोनांत तर हे गमतीशीरपणे दिसतं. इअरफोनची वायर हाच फोनच्या रेडिओचा अँटेना असतो, म्हणून एरवी इअरफोनशिवाय ॲप रेडिओ लावायला नकार देतं. अशा अडकलेल्या फोनवर ते मुकाट्याने सुरू होतं, आणि अँटेना नसल्यामुळे बहुधा नुसती खरखर करतं.

इथे दोन कारणांतला फरक लक्षात घ्यायला हवा, कारण उपाय त्यावर ठरतात. कोरडी भुस्कटं वीज वाहून नेत नाहीत. ती पत्तीला दाबून फसवतात. पाणी आणि घाम मात्र वीज वाहून नेतात, आणि घामातलं मीठ ते काम आणखी सोपं करतं. इअरफोनच्या पिनवर तीन काळ्या रेघांनी वेगळे केलेले चार पट्टे दिसतात: टोकाचा डाव्या कानाचा, मग उजव्या कानाचा, आणि उरलेले दोन अर्थिंगचा व माइकचा. इअरफोनच्या वायरवरची बटणं त्या माइकच्याच तारेवर बोलतात. अँड्रॉइडच्या ठरलेल्या मोजमापानुसार प्रत्येक बटण दाबलं की माइक आणि अर्थिंग यांच्यामध्ये एक विशिष्ट रोध येतो: जवळजवळ शून्य ओहम म्हणजे गाणं चालू-बंद, १३५ च्या आसपास म्हणजे आवाजी सहायकाला हाक, २४० च्या आसपास म्हणजे आवाज वाढव, ४७० च्या आसपास म्हणजे कमी कर. जॅकमधला ओलावा सुकत जातो तसा त्याचा रोधही बदलत जातो आणि वाटेत कधी यातल्या एखाद्या आकड्याच्या जवळ येऊ शकतो. मग कोणी हात न लावता गाणं थांबतं, आवाज खाली जातो, मध्येच सहायक ‘बोला’ म्हणून उभा राहतो. पावसाळ्यात असं झालं की लोकांना व्हायरसचा संशय येतो, कोणाला वाटतं फोन हॅक झाला. अँटिव्हायरस टाकला जातो, दुसऱ्या दिवशी भूत पळून जातं, आणि श्रेय अँटिव्हायरसला मिळतं. प्रत्यक्षात जॅक वाळलेला असतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे: फोन बंद करून चालू केल्यावर चिन्ह जातं, मग दोष सॉफ्टवेअरचाच नाही का? कधी कधी असतोही. इअरफोन काढल्याची सूचना आली आणि ती प्रणालीने नीट नोंदवलीच नाही, एखादं ॲप आवाजाचा मार्ग अडवून बसलं, अपडेटनंतर काही बिनसलं, असं होऊ शकतं. पण रीस्टार्टने नेमकं काय होतं ते पाहा. फोन चालू होताना जॅकची स्थिती नव्याने वाचतो. पत्ती जागेवर असेल आणि फक्त नोंद जुनी राहिली असेल, तर चिन्ह जातं आणि पुन्हा येत नाही. पत्तीच दबलेली असेल तर नव्याने वाचूनही उत्तर जुनंच येतं. म्हणजे रीस्टार्ट हा उपायापेक्षा चाचणी म्हणून जास्त कामाचा आहे. चिन्ह गेलं आणि पुन्हा दिसलं नाही, तर विषय संपला. ते तासाभरात, फोन खिशात हलल्यावर किंवा दमट हवेत पुन्हा उगवलं, तर दोष जोडणीचा. ॲपचा संशय असेल तर अँड्रॉइडमध्ये सेफ मोड आहे. त्यात आपण टाकलेली ॲप्स चालत नाहीत. तिथेही चिन्ह दिसत असेल तर ॲप निर्दोष. इअरफोन पाच-सहा वेळा आत-बाहेर करण्याच्या युक्तीलाही लोक जुगाड म्हणून हसतात, पण तिच्यामागे कारण आहे: पिन सरकताना संपर्कांवरचा मळ आणि गंजाचा पातळ थर घासून निघतो, आणि अडकलेली पत्तीही मोकळी होऊ शकते. हेडफोनचा आवाज स्पीकरवर वळवणारी ॲप्स मात्र वेगळ्या जातीची. त्यांनी आवाज परत येतो, हे खरं. पण जॅकचा खोटा निरोप तसाच येत राहतो, आणि कॉलमध्ये किंवा फोन बंद-चालू केल्यावर पुन्हा गोंधळ होऊ शकतो. दोन दिवस निभावण्यापुरती ती ठीक आहेत. अशा ॲपने संपर्क यादी आणि फोटो पाहण्याची परवानगी मागितली तर ती नाकारावी. आवाज वळवायला त्यांचा काही संबंध नाही.

सगळ्यात महागडा गैरसमज फॅक्टरी रीसेटचा. ‘सगळं पुसून पाहू’ हा सल्ला सहज दिला जातो, कारण तो देणाऱ्याचे फोटो जात नाहीत. वाकलेली पत्ती रीसेटने सरळ होत नाही. रीस्टार्ट आणि सेफ मोड या दोन्ही चाचण्यांनंतरही चिन्ह टिकून असेल, तर रीसेट करून कळेल ते आधीच कळलेलं असतं. तरीही कोणाला करायचंच असेल तर बॅकअप घेतल्याशिवाय नको, आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप वेगळा आहे याची आठवण ठेवावी.

आता घरगुती उपायांकडे. तांदळाच्या डब्यात फोन पुरून ठेवण्याला एवढी मान्यता आहे की तिच्यावर शंका घेतली तर लोक स्वतःचे दाखले देतात: ‘आमचा फोन तांदळानेच सुधारला.’ रात्रभर तो डब्यात होता आणि सकाळी नीट चालला, यात वाद नाही. पण रात्रभर वारा लागेल अशा जागी नुसता ठेवला असता तरी तो वाळलाच असता. काम वेळेने केलं, नाव तांदळाचं झालं. तांदळाचा बारीक कोंडा जॅकमध्ये शिरतो तो वेगळाच. ॲपलने आपल्या मदतपानावर आयफोन तांदळात ठेवू नका असं स्पष्ट सांगितलं आहे, त्याचं कारण हेच बारीक कण. तिथला सल्ला साधा आहे: पोर्ट खाली करून फोन हळूच हातावर आपटा, कोरड्या आणि हवा खेळत्या जागी ठेवा, निदान अर्धा तास थांबा; पूर्ण वाळायला २४ तासही लागू शकतात. हेअर ड्रायर नको, कारण उष्णतेने आतला चिकटपट्टीचा गोंद सैल होतो. तोंडाने फुंकर मारणंही व्यर्थ. आपल्या श्वासात वाफ असते, ओल्या जॅकला आणखी ओल मिळते. सॅनिटायझर हा अल्कोहोलच ना, असं म्हणून तो ओतणारेही आहेत, पण त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. गंज उडवण्याचा तेलकट स्प्रे आज पत्ती मोकळी करील आणि उद्या त्याच तेलावर धूळ चिकटवील.

आणि सुई, टाचणी, केसांची पिन? फोनच्या जॅकवर सगळ्यात जास्त अत्याचार यांचाच. भुस्कटं निघतात हे कबूल, पण ज्या पत्तीवर सगळा खेळ आहे ती केसाएवढ्या फरकाने वाकली तरी कायमची निकामी होऊ शकते. शिवाय फोन चालू असेल तर धातूने शॉर्ट होण्याची भीती. करायचंच असेल तर असं करावं. फोन बंद करा. टॉर्च मारून आत पाहा: राखाडी कापसासारखी गुठळी दिसते की तळाशी हिरवट थर? गुठळी असेल तर दातांच्या फटी साफ करायचा बारीक ब्रश मेडिकलच्या दुकानात मिळतो, तो कोरडा, हलक्या हाताने फिरवा, तोंड खाली करून. हिरवट थर असेल तर तो तांब्याचा गंज, पितळेच्या भांड्याला धरतो तसला कळंक. त्याला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब ब्रशवर घेऊन साफ करता येतं. ते उडून जाईपर्यंत फोन चालू करू नये. मुंबईत आणि कोकणपट्टीत खारट, दमट हवेमुळे हा कळंक लवकर धरतो, आणि जॅकच्या काही संपर्कांवर सतत थोडा विद्युतदाब असल्यामुळे ओलाव्यात धातू झिजण्याचा वेगही वाढतो. म्हणून ओला फोन ‘चालतोय ना’ म्हणून वापरत राहणं अंगाशी येतं.

‘आमच्या फोनला तो गोल जॅकच नाही’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठीही एक गोष्ट आहे. ॲपलने २०१६ साली आयफोन ७ मधून हा जॅक काढला आणि नंतर अनेक महागड्या फोनांनी तेच केलं, पण हेडफोन ओळखण्याचं काम संपलं नाही, ते फक्त चार्जिंगच्या पोर्टकडे, आज बहुतेक फोनांत टाइप-सी पोर्टकडे, गेलं. त्या पोर्टमध्ये २४ संपर्क असतात आणि त्यातले दोन काय जोडलंय हे ओळखण्यासाठी राखून ठेवलेले असतात. या दोन्हींवर एकाच वेळी साधारण एक हजार ओहमचा रोध दिसला, तर साधा इअरफोन-जोड लावला आहे असं समजायचं, असा टाइप-सीचा नियम आहे. अशा जोडाला आधार देणाऱ्या फोनमध्ये ओलावा किंवा घाण नेमकी त्याचीच नक्कल करू शकते. इथे ‘आमचा फोन वॉटरप्रूफ आहे’ हे उत्तर कामाचं नाही. आयपी६८ सारखं मानांकन सांगतं की ठरलेल्या मर्यादेत पाणी फोनच्या पोटात जाणार नाही; पोर्टचे संपर्क त्या बंदोबस्ताच्या बाहेर, उघड्यावर असतात आणि भिजतातच. म्हणून तर काही फोन पोर्टमध्ये ओल दिसली की पाण्याच्या थेंबाचं चिन्ह दाखवून चार्जिंग थांबवतात. ते चिन्ह दिसत असताना दुसरी वायर लावून पाहण्याची घाई करू नये.

ब्लूटूथचा घोळ याहून वेगळा आणि कितीतरी सोपा. कपाटातल्या इअरबड्सची डबी उघडी राहिली की फोन गुपचूप त्यांना जोडला जातो आणि आवाज कपाटात वाजतो. ब्लूटूथ बंद करताच आवाज परत आला, तर वरचं सगळं वाचण्याची गरज नव्हती.

एवढं करूनही चिन्ह हटत नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे जावं, पण ‘आवाज येत नाही’ एवढंच सांगू नये. ‘रिंग वाजते, स्पीकरवर कॉल ऐकू येतो, रीस्टार्ट केलं तरी हेडफोनचं चिन्ह राहतं’ असं सांगितलं की चांगल्या कारागिराला पुढचं समजतं. पुष्कळ फोनांत हँड्सफ्री जॅक हा वेगळा सुटा भाग असतो किंवा खालच्या छोट्या चार्जिंग बोर्डावर बसवलेला असतो. तेवढाच बदलता येतो. काहींत तो मुख्य बोर्डावर डाग देऊन जोडलेला असतो, आणि तिथे सोल्डरिंगचा हात चांगला लागतो. दोन्ही बाबतींत आधी साफ करून पाहायला सांगा. ‘मदरबोर्ड गेला’ असं कोणी फोन न उघडताच सांगितलं, तर फोन परत घ्या आणि दुसऱ्या दुकानात दाखवा.