अवगाहाची द्रोणी की पोहण्याचा तलाव?

माजलगाव परिसरातील एक सधन ऊसबागायतदार काही महिन्यांपूर्वी चिकित्सालयात आले. वय पासष्टीच्या पुढे, दोन्ही गुडघ्यांत संधिगत वात, जिना उतरताना होणारी वेदना आणि सकाळचा स्तंभ ही नेहमीची लक्षणे. औषधाची पुडी खिशात ठेवल्यावर त्यांनी दुसऱ्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. तो शेतातील नव्या बंगल्याचा आराखडा होता. त्यात आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल असा पोहण्याचा तलाव दाखविलेला होता. पाणी तापविण्याचे यंत्रही घ्यावयाचे ठरले होते. त्यांचा प्रश्न एवढाच होता, "डॉक्टर, तळ्यातच दशमुळाचा काढा टाकला तर चालेल का? किती पोती लागतील?"

प्रथमदर्शनी हा प्रश्न हास्यास्पद वाटला, तरी त्यामागील अपेक्षा रास्त होती. कोमट पाण्याने गुडघ्याला बरे वाटते, हा त्यांचा अनुभव खराच होता. तथापि, पाण्यात पोहणे आणि उष्ण पाण्यात बसणे या दोन भिन्न चिकित्सा आहेत. हे पोहणारा, तलाव बांधणारा आणि कित्येकदा आपण वैद्यही विसरतो. प्रस्तुत लेखात या भेदाचा आणि त्यातून निघणाऱ्या व्यवहाराचा विचार करावयाचा आहे.

शास्त्राने केलेला भेद

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात अग्निस्वेदाचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत अवगाहाची गणना आहे. वातहर द्रव्यांचा क्वाथ, दूध, तैल, घृत इत्यादींनी भरलेल्या पात्रात रुग्णाने बसावयाचे असते. सुश्रुतांच्या चतुर्विध स्वेदांपैकी द्रवस्वेदात परिषेकाबरोबर अवगाह येतो. शार्ङ्गधरांनी तर पाण्याची पातळीही सांगितली आहे: नाभीच्या वर सहा अंगुळे. देह आधी स्निग्ध करावा, त्या पातळीपर्यंत बसावे आणि खांद्यांवर कोमट क्वाथाची धार सोडावी, अशी ती योजना आहे. यात हालचाल नाही. रुग्ण स्वस्थ बसतो आणि उष्णता आपले कार्य करते.

पोहण्याचा चिकित्सा म्हणून उल्लेख मात्र वेगळ्याच ठिकाणी सापडतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात, ऊरुस्तंभाच्या प्रकरणी, रुग्णाला नदीच्या प्रवाहाविरुद्ध पोहावयास लावावे, तसेच निर्मळ व स्थिर पाण्याच्या सरोवरात वारंवार पोहावयास लावावे, असा उपदेश आहे. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हे पाणी थंड सांगितले आहे. कफ आणि मेद यांचा क्षय व्यायामाने साधावयाचा आहे. तेथे स्वेदनाचा हेतू नाही.

म्हणजे वाताच्या शूल-स्तंभासाठी उष्ण पाणी आणि विश्रांती, तर कफ-मेदाच्या जडत्वासाठी शीत पाणी आणि श्रम. आधुनिक जलव्यायामाचे व्यवहारही या विभागणीच्या जवळ जातात. पोहण्याच्या तलावाचे पाणी साधारणतः २६ ते २८ अंश सेल्सिअस ठेवतात, सांधेदुखीच्या रुग्णांच्या मंद जलव्यायामासाठी ३३ ते ३५ अंश. अवगाहासाठी आपण ३८ ते ४० अंश वापरतो. या उष्णतेत बसणे वेगळे आणि हातपाय मारणे वेगळे. ४० अंशांच्या पाण्यात व्यायाम करणाऱ्याची शरीरोष्णता बाहेर पडावयास मार्गच राहत नाही. भ्रम, मूर्च्छा, हृदयाची धडधड ही त्याची फळे होत. अतिस्विन्नाची लक्षणे आपण ज्या अध्यायात वाचतो, तीच येथे प्रत्यक्ष दिसतात.

गुडघ्याच्या रुग्णाला तलावाचा उपयोग नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. कमरेपर्यंतच्या पाण्यात उभे राहिल्यास पायांवरील भार जवळपास निम्मा होतो, छातीपर्यंतच्या पाण्यात तो सुमारे तृतीयांश उरतो. ज्याला जमिनीवर चालता येत नाही त्याला पाण्यात चालता येते, हा मोठाच लाभ आहे. परंतु तो लाभ पाण्याच्या उचलीचा आणि व्यायामाचा आहे, दशमुळाचा नव्हे.

हिशेब उष्णतेचा आणि पाण्याचा

आमच्या बागायतदारांसमोर मी कागदावर साधा हिशेब मांडला. एक लिटर पाणी एक अंशाने तापवावयास एक किलोकॅलरी उष्णता लागते. नाभीच्या वर सहा अंगुळांपर्यंत बसण्याच्या द्रोणीस सुमारे २०० लिटर पाणी पुरते. ते २५ अंशांवरून ४० अंशांवर नेण्यास ३,००० किलोकॅलरी, म्हणजे साडेतीन युनिट वीज. त्यांच्या आराखड्यातील तलावात ४०,००० लिटर पाणी मावते. तेवढीच उष्णता तेथे हवी असेल तर सुमारे ७०० युनिट.

यावर त्यांचे उत्तर तयार होते, "एकदाच तर तापवायचं!" परंतु तसे घडत नाही. उघड्या तलावाची उष्णता मुख्यतः बाष्पीभवनाने जाते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. आपल्याकडील उन्हाळ्यात दिवसाला आठ मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तर ३२ चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून रोज २५६ लिटर पाणी नाहीसे होते. पाणी तापविलेले असेल तर त्याहून अधिक. म्हणजे एका रुग्णाच्या पूर्ण अवगाहाला लागते त्याहून जास्त पाणी तो तलाव कोणीही न उतरता रोज पिऊन टाकतो. म्हणूनच ज्याला तलाव बांधावयाचाच आहे त्याने तापविण्याच्या यंत्राआधी आच्छादन घ्यावे. जपानी घरांतील स्नानद्रोणीवर झाकण असते, ते याच कारणासाठी. त्या घरांत अंग बाहेर स्वच्छ धुऊन मगच द्रोणीत बसतात, ही रीतही आपण उचलण्यासारखी आहे.

द्रोणीसाठी सौर उष्णजलयंत्र उत्तम. पाणी ६० अंशांचे मिळाले तर २०० लिटरच्या अवगाहाला त्यातील साधारण ८६ लिटर लागते, उरलेले साधे. मराठवाड्यात ऊन विकत घ्यावे लागत नाही. रोज एक-दोन अवगाह करणाऱ्या चिकित्सालयाला २०० लिटरचे यंत्र पुरेसे होते, ढगाळ दिवसांसाठी गॅस हाताशी असावा.

आता पाण्याचा प्रश्न. माजलगावात राहून तो टाळता येत नाही. सिंदफणेवरचे आपले धरण जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातले. पैठणच्या उजव्या कालव्याने गोदावरीचे पाणी येथवर येते आणि बीड शहराची तहानही हे धरण भागवते. तरीही दुष्काळाने आपल्याला सोडलेले नाही. जुलै २०१५ मध्ये पाण्याअभावी परळीचे औष्णिक विद्युत केंद्र बंद ठेवावे लागले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. टंचाईत ग्रामीण भागाला टँकरने माणशी रोज २० लिटर पाणी देण्याचा मापदंड राहिला आहे. त्या मापाने ४०,००० लिटर म्हणजे दोन हजार माणसांचे एका दिवसाचे पाणी. हा आकडा सांगितल्यावर बागायतदार बराच वेळ काही बोलले नाहीत.

क्वाथ आणि क्लोरिन

तलावात काढा टाकू नये याचे आणखी एक सबळ कारण आहे. तलावाचे पाणी रोज बदलता येत नाही, म्हणून ते निर्जंतुक ठेवावे लागते. त्यासाठी मुक्त क्लोरिन दर लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि सामू ७.२ ते ७.८ राखतात. कोमट पाण्यात क्लोरिन लवकर उडते, जंतू मात्र जोमाने वाढतात. काढ्यातील कषाय द्रव्ये तर क्लोरिनला खाऊनच टाकतात. परिणामी ना काढा राहतो, ना शुद्धी. लिजिओनेला हा जंतू २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतो. १९७६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पसरलेल्या साथीच्या तपासातून त्याची प्रथम ओळख पटली. केरळात २०२४ आणि २०२५ साली नेग्लेरिया या अमीबाच्या मस्तिष्करोगाचे रुग्ण आढळले. तो नाकावाटे शिरतो, म्हणून जलनेतीसाठीही उकळून निववलेलेच पाणी द्यावे, हे या निमित्ताने आवर्जून सांगावेसे वाटते.

द्रोणीचा नियम म्हणून सोपा आहे: एक रुग्ण, एक पाणी. अवगाहानंतर ते सोडून द्यावे, द्रोणी घासून, धुऊन, कोरडी करावी. तैलयुक्त पाणी झाडांना उपयोगाचे नसते. तेल नसेल तर मात्र ते थंड करून परसातल्या झाडांना घालता येते.

औषधिविक्रेत्या बंधूंना एक विनंती. अवगाहासाठी दशमुळाचे भरड मागणारे ग्राहक वाढत आहेत. दशमुळातील बिल्व, अग्निमंथ, श्योनाक, पाटला, गंभारी ही मोठी झाडे आहेत आणि त्यांचे मूळ काढणे म्हणजे झाडच काढणे. बाह्य स्वेदनासाठी आपल्या ओढ्याकाठची निर्गुंडी, बांधावरचा एरंड, करंज आणि चिंचेचा पाला यांनी माझ्या अनुभवात काम उत्तम भागते. पंधरा-वीस लिटर काढा स्वतंत्र करून द्रोणीतील पाण्यात मिसळावा. दशमूळ पोटात देण्यासाठी राखून ठेवावे.

माझ्या हातून झालेली चूक

साधनांची यादी देण्यापूर्वी एक कबुली देणे प्राप्त आहे. २०१२ च्या हिवाळ्यात एका प्रौढ रुग्णास कटिशूलासाठी मी अवगाह दिला. ते दर वर्षी ऊसतोडीला जाणारे, मोळ्या उचलून कंबर मोडलेली. पाणी गॅसवर तापवून द्रोणीत ओतले होते. मी डोक्याकडच्या बाजूला हात घालून पाहिले, कोमट लागले. पायांकडच्या बाजूचे नीट ढवळले गेले नव्हते. रुग्ण पंधरा मिनिटे समाधानाने बसून होता. "लई बरं वाटलं" म्हणून घरी गेला. दुसऱ्या दिवशी दोन्ही पायांच्या बोटांवर फोड घेऊन परत आला. मधुमेह होता, त्याला स्वतःलाही ते ठाऊक नव्हते, आणि मी विचारले नव्हते की तपासले नव्हते. पायांची संवेदना गेलेली असल्याने पाणी पोळत आहे हे त्याला कळलेच नाही. व्रण भरण्यास सात आठवडे लागले. तो हंगाम त्याचा बुडाला. उचल घेतलेल्या माणसाचा हंगाम बुडणे म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यातील वाचकांना सांगावयास नको.

चरकांनी स्वेदनास अयोग्य सांगितलेल्यांत मधुमेही आहे, गर्भिणी आहे, रक्तपित्ती आहे, अतिसारी आहे. परीक्षेसाठी हे सारे मी पाठ केले होते. त्यामागील अर्थ त्या फोडांनी शिकविला.

तेव्हापासून आमच्या द्रोणीजवळ पुढील गोष्टी असल्याशिवाय रुग्ण आत उतरत नाही. पाण्यात बुडवावयाचा तापमापक असतो, आणि ढवळल्यानंतर तीन ठिकाणी नोंद घेतली जाते. घड्याळ असते, प्रथम दिवशी दहा मिनिटे, पुढे वीसपेक्षा अधिक नाही. पकडण्यासाठी दोन भक्कम दांडे, खरखरीत फरशी आणि पायरी असते. विजेचे तापक पाण्यात असताना कोणी त्या खोलीत हात ओला करीत नाही. खोलीच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक बसविले आहे. रक्तशर्करा, रक्तदाब आणि पायांची स्पर्शसंवेदना प्रत्येकाची आधी पाहिली जाते. परिचारक शेवटपर्यंत खोलीतच थांबतो. बाहेर आल्यावर लगेच थंड पाणी नाही. जेंताक स्वेदानंतर एकदम शीत जलात शिरू नये, थोडा काळ थांबून कोमट पाण्याने स्नान करावे, हा चरकांचा दंडक येथेही लागू आहे.

शेवटी काय ठरले

त्या बागायतदारांनी दुसरा पर्याय सुचविला होता: तलावाऐवजी शेततळ्यातच उतरावे. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आल्यापासून तळी वाढली आहेत. परंतु प्लास्टिकच्या अस्तराचा उतार ओला झाला की निसरडा होतो. पोहता येणाऱ्या माणसालाही वर चढता येत नाही. तेथे पोहण्याचा विचारही करू नये, कुंपण आणि दोर मात्र अवश्य असावेत.

अखेर आराखड्यातील तलाव पुसला गेला. त्या जागी दहा बाय बाराची एक खोली आली आहे: छपरावर सौरयंत्र, आत पोलादी द्रोणी. आठवड्यातून तीनदा ते तीत बसतात, उरलेल्या दिवशी सकाळी बांधावरून चालतात. गुडघे नवे झालेले नाहीत. जिना मात्र ते आता कठडा न धरता उतरतात.

ज्यांच्या गावी सार्वजनिक तरणतलाव आहे त्यांनी स्थूल, कफप्रधान रुग्णांना तेथे जरूर पाठवावे. एका घरापेक्षा गावाने मिळून राखलेला तलाव पाण्याच्या दृष्टीनेही परवडतो. वातरुग्णाला मात्र द्रोणी द्यावी, आणि ती देताना पाण्याचे अंश औषधाच्या मात्रेइतक्याच काटेकोरपणे लिहावेत. वैद्यबंधू-भगिनींनी अवगाहातील आपले अनुभव, विशेषतः फसलेले, या अंकाच्या संपादकांकडे अवश्य कळवावेत. यशाच्या कथा आपण एकमेकांना सांगतच असतो.